आतून लागलेली आग

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. गणिताच्या वहीतला नव्हे, अग्निशमन दलाच्या गाडीवर आडवा बांधलेला असतो तो लोखंडी आकडा. साडेसात फूट लांबी, पुढं अणकुचीदार टोक, टोकाखाली वाकवलेलं नख आणि मागं धरायला लाकडी मूठ. जळती गंजी ओढायची, तापलेला पत्रा उचकटायचा, ढिगात शिरून आत काय चाललंय ते पाहायचं, ही माझी कामं. आग विझली की लोक पाण्याच्या नळीचं कौतुक करतात. माझ्याकडं फारसं कुणी बघत नाही. पण आगीच्या पोटात शिरतो तो मीच.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. विझलेल्या आगीवर माझा विश्वास नाही. बंद दारावर तर मुळीच नाही.

हा स्वभाव मला जन्मतःच मिळाला. परतूरच्या बाजारामागं एका लोहाराच्या भट्टीत माझं टोक घडलं. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा त्यानं कोळशात खुपसला होता. त्याची बायको हातानं पंखा फिरवायची. वारा लागला की निखारे लालबुंद व्हायचे, पंखा थांबला की काळे पडायचे. एकदा कुणी गिऱ्हाईक काळ्या निखाऱ्याला हात लावायला गेलं, तेव्हा लोहार ओरडला, "हात नगं लावू! त्यो मेला न्हाई, झोपलाय." आगीला हवा लागते, आणि हवा मिळाली नाही तरी ती वाट बघत बसते, हे मी तिथं शिकलो.

लोहाराकडून मी अग्निशमन केंद्रात आलो आणि धर्मराजच्या हाती पडलो. धर्मराज म्हणजे उंच, रुंद खांद्यांचा, शेतकरी घरातला माणूस. आगीत शिरायला तो कधी कचरला नाही. पण माझ्याहूनही तो संशयी होता, आणि त्याचा संशय आगीवर नसून माणसांवर होता. "आग आपोआप लागत न्हाई," तो म्हणायचा. "कुणीतरी लावतंच." आग विझवून झाली की तो जमिनीवर काड्या शोधायचा, जमलेल्या लोकांचे चेहरे निरखायचा.

एके वर्षी आम्ही कुंभार पिंपळगावच्या शिवारात गेलो. रामराव नावाच्या शेतकऱ्याची चाऱ्याची गंजी पेटली होती. पाऊस येईल म्हणून त्यानं अर्धवट ओलं गवत घाईनं रचलं होतं. धर्मराजनं मला गंजीत खुपसलं. बाहेरचं गवत पिवळं, कोरडं होतं. आतलं काळं पडलेलं, कोळशासारखं. माझं टोक बाहेर आलं तेव्हा त्याला हात लावता येत नव्हता. मला सांगता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण माझ्या टोकाकडं कुणी पाहिलं नाही. धर्मराज घाम पुसत म्हणाला, "रामराव, गंजी आपोआप पेटत न्हाई. भांडण कुणासंगं हाये तुमचं?"

रामरावनं बांधापलीकडं पाहिलं. तिथं त्याचा धाकटा भाऊ उभा होता. विहिरीच्या पाण्यावरून दोघांची आठ दिवसांपूर्वी बोलाचाली झाली होती. धाकटा पुढं आला, हात जोडून म्हणाला, "दादा, म्या न्हाई." रामरावनं त्याच्याकडं पाठ फिरवली. आमची गाडी निघाली तेव्हाही धाकटा तसाच उभा होता.

पुढं कितीतरी वर्षं मी गाडीवर बसून राज्य केलं. कापसाच्या गाठी, दुकानांचे पत्रे, जळते वासे ओढले. माझी मूठ तीनदा बदलली. मग संध्या मॅडम आल्या.

संध्या मॅडम आमच्या केंद्राच्या अधिकारी. वय तिशीच्या आसपास. अग्निशमनाचं शिक्षण घेऊन आलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना अंगणात बसवलं आणि एक मेणबत्ती पेटवली. तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला. ज्योत लहान झाली, विझली.

"काय कमी पडलं?" त्यांनी विचारलं.

"हवा," कुणीतरी म्हणालं.

"हवेतला प्राणवायू. इंधन, प्राणवायू आणि उष्णता, तिन्ही एकत्र आली आणि जळण्याची साखळी सुरू झाली की आग. यातलं एक जरी काढलं तरी आग गेली. आपण पाणी मारतो ते उष्णता काढायला."

मग त्यांनी नुकत्याच विझलेल्या वातीच्या धुरात जळती काडी धरली. ज्योत धुरातून उडी मारून वातीवर आली. बसलेली माणसं सरसावली. मॅडम म्हणाल्या, "मेण जळत नाही, मेणाची वाफ जळते. लाकडाचंही तसंच. म्हणून धूर म्हणजे संपलेली आग समजू नका. तोही इंधनच आहे." प्रत्येक वस्तूला पेट घ्यायला ठरावीक तापमान लागतं, त्याला ज्वलनांक म्हणतात, हे त्यांनी सांगितलं. उष्णता एका ठिकाणाहून दुसरीकडं जाते ती तीन वाटांनी. लोखंडातून सरकते ते वहन, तापलेल्या हवेबरोबर वर चढते ते अभिसरण, आणि मध्ये काहीच नसताना समोरच्या भिंतीला तापवते ते प्रारण. वहन सांगताना त्यांनी मलाच उचललं होतं, म्हणून तो शब्द माझ्या चांगला लक्षात आहे.

शेवटी त्या म्हणाल्या, "आणि काही आगी कुणीच लावत नाही. ओलं गवत, ओली सरकी दाबून रचली की आत ती कुजायला लागते, तापते. ढिगामुळं ती ऊब बाहेर पडत नाही. तापत तापत एक दिवस ज्वलनांक गाठते. याला स्वयंज्वलन म्हणतात."

धर्मराज मला तेल लावत बसला होता. त्याचा हात थांबला.

"मॅडम," त्यानं हळूच विचारलं, "बाहेरून पिवळं आन् आतून काळं आसतं का ते?"

"हो काका. बाहेरून लागलेली आग आत जाते. ही आतून बाहेर येते."

त्या रविवारी सुट्टी असून धर्मराज सकाळीच मोटरसायकल काढून गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला तेव्हा मॅडमनी विचारलं, "काका, तब्येत बरी नाही का?" तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. तो रामरावकडं गेला होता. "धाकटा कवाच जमीन इकून पुण्याला गेल्ता म्हणं. रामराव म्हणला, आता सांगून काय करता, धर्मराज? आई गेली तवा बी त्यो आला न्हाई." मोठ्या आगीतून बाहेर आल्यावर व्हायचा तसा त्याचा आवाज झाला होता.

मित्रांनो, आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो त्यानंतरच्या हिवाळ्यातला.

त्या वर्षी जिनिंगचा हंगाम ऐन भरात असताना अवकाळी पाऊस झाला. पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, आणि एका दुपारी शहराबाहेरच्या एका जिनिंगमधून फोन आला. कापसातून सरकी वेगळी करून तिथं ढीग लावलेले असतात. त्यातल्या घराएवढ्या एका ढिगाला आग लागली होती. आम्ही पोचलो तेव्हा ढिगाच्या माथ्यातून धूर आणि मधूनच ज्वाळा येत होत्या. तासभर पाणी मारल्यावर ज्वाळा बसल्या. माणसांनी हुश्श केलं. मी केलं नाही.

तेवढ्यात मालकाचा पुतण्या पप्पू पुढं आला. जिनिंगचा सगळा कारभार तोच बघायचा. मालक काकासाहेब म्हातारे, टोपी सावरत खुर्चीवर बसलेले. पप्पूनं ढिगापासून वीसेक पावलांवर असलेल्या एका चुलीकडं बोट केलं. ती चूल केशरबाईची. केशरबाई पन्नाशीची बाई, सांडलेली सरकी झाडायची आणि मजुरांना चहा करून द्यायची.

"ही चूल बघा, साहेब," पप्पू तिथं आलेल्या पोलिसाला म्हणाला. "आन् अजून एक ऐका. चार दिवसाआधी हीच बाई मला म्हणली, सरकीतून वास येऊन राह्यलाय, आग लागंल. हिला आधीच कसं कळलं?"

पटांगणातली पन्नासेक माणसं केशरबाईकडं वळून पाहू लागली. तिच्याजवळ उभ्या असलेल्या दोन बायका न बोलता बाजूला सरकल्या. तिच्या पदराला राख लागलेली होती, हाताला धुराचा वास होता. खरं सांगतो, मलाही संशय आला. आग लागण्याआधी आगीची खबर कुणाला असते?

"चूल माझीच हाये," केशरबाई म्हणाली. "पन वास आल्ता म्हणून सांगितलं. मला वाटलं, बरं व्हईल. सांगितलं त्येच चुकलं का माझं?"

"नाव लिहून घ्या हिचं," काकासाहेब खुर्चीवरून म्हणाले. पोलिसानं वही काढली.

धर्मराजची माझ्यावरची पकड घट्ट झाली. अशा वेळी बोलायची त्याची जुनी सवय मला ठाऊक होती. पण तो म्हणाला, "मॅडम, आधी ढीग फोडू. मंग कुणाला काय बोलायचं ते बोलू."

त्यानं मला चुलीच्या बाजूनं ढिगात घातलं. त्या बाजूची सरकी वरून भिजलेली होती, पण जळालेली नव्हती. तिच्यावरची कापसाची लव जशीच्या तशी. हातभर आत गेलो, अजून काही नाही. दोन हात आत गेलो आणि मला चटका बसला. धर्मराजनं नख अडकवून ओढलं तसा ढीग ढासळला आणि आतली काळी गुहा उघडी पडली. तिच्यात निखारे होते. मॅडमनी बोट पाण्यात बुडवून माझ्या टोकावर एक थेंब टाकला. चर्र झालं आणि थेंब उडून गेला.

"काकासाहेब, इकडं या," त्या म्हणाल्या. "चुलीची ठिणगी पडली असती तर चुलीकडची बाजू आधी जळाली असती. ती तशीच आहे. शिवाय वारा बघा. धूर चुलीकडं चाललाय. ठिणगीनं वाऱ्याच्या उलटं यायचं का? ही सरकी पावसात भिजली होती. आतल्या आत तापली. तापायला लागली की खवट, भाजल्यासारखा वास येतो. या बाईंना आग आधी कळली नाही, वास आधी आला."

काकासाहेबांना पटलं नाही. "तुम्ही बाईची बाजू घेऊन राह्यल्या, मॅडम."

"मी कुणाचीच बाजू घेत नाही. मला तुमच्या सरकीचा संशय आहे. अशी ओली सरकी अजून कुठं भरलीय?"

"कुठंच न्हाई," पप्पू लगेच म्हणाला. फारच लगेच.

केशरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिची नजर मागच्या बाजूला गेली आणि परत खाली आली. मॅडमनी ते पाहिलं.

"बोला केशरबाई."

"न्हाई बोलत. बोलले तर परत म्हणतील, हिला कसं ठावं."

"मी म्हणणार नाही. बोला."

केशरबाईनं एकदा पोलिसाच्या वहीकडं पाहिलं आणि म्हणाली, "मागल्या गोदामात. पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिशी दोन ट्रॅक्टर वल्ली सरकी आत टाकली. वर बारदाना घातला. मीच झाडलं व्हतं तिथं. तिथं बी वास हाये."

पप्पू चिडला. "खोटं बोलती! चला, शटर उघडून दाखवतो." तो किल्ल्या काढत तरातरा निघाला. आम्ही त्याच्या मागं.

गोदाम शांत होतं. ज्वाळा नाहीत, आवाज नाही. शटर खालपर्यंत ओढलेलं. पण त्याच्या वरच्या पट्ट्यांवरचा रंग फुगून फोड आले होते. आणि शटरखालच्या फटीतून पिवळसर धूर हळूच बाहेर यायचा, थांबायचा, आणि पुन्हा आत ओढला जायचा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"थांबा!" मॅडम ओरडल्या. पप्पू कुलपाशी वाकला होता. धर्मराज दोन ढांगांत पोचला, त्यानं मला आडवं धरून पप्पूच्या छातीला लावलं आणि त्याला मागं रेटलं.

"सोडा! आग कुठं दिसून राह्यली तुम्हाला?"

"दिसत न्हाई म्हणूनच," धर्मराज म्हणाला. "आतला प्राणवायू संपलाय. तापलेला धूर कोंडलाय. तू शटर उचलशील, हवा आत जाईल आन् सगळा धूर येकदम पेटंल. तू शटरसंगं उडशील."

मॅडम याला बॅकड्राफ्ट म्हणायच्या. तो शब्द धर्मराजच्या तोंडी कधी बसला नाही, पण त्याचा अर्थ त्याला पक्का समजला होता.

गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून मजुरांच्या पाच खोल्या होत्या. "आत कोण आहे?" मॅडमनी विचारलं. पप्पूला सांगता येईना. केशरबाईच पळाली. "मीनाची बाळंतीण लेक हाये चौथ्या खोलीत! आन् नंदाबाईचे सासरे, त्येंना ऐकू येत न्हाई!" त्या पोलिसाला आणि आमच्या दोन जवानांना घेऊन तिनं एकेक दार उघडलं. दुपट्यातलं बाळ, त्याची आई, गादीसकट उचललेला म्हातारा, सगळे रस्त्याच्या पलीकडं गेले. मघाशी सरकलेल्या दोन बायकांच्या हाती तिनं बाळ दिलं आणि म्हणाली, "धरा, उन्हातून सावलीत न्या."

आता माझी पाळी होती. धूर बाहेर काढायचा तो वरून, कारण गरम धूर वर चढतो. धर्मराज शिडीवर चढला. पाण्याची नळी सज्ज ठेवली होती. आढ्याजवळच्या पत्र्याच्या कडेत त्यानं माझं नख अडकवलं आणि अंगाचा सगळा भार मागं टाकला. पत्रा कुरकुरला, एक खिळा उडाला. दुसऱ्या ओढीला पत्रा वर उचकटला आणि काळा धूर फोफावत बाहेर आला. क्षणभर तो नुसता धूर होता. मग त्याला बाहेरची हवा लागली आणि तो पेटला. पुरुषभर उंचीची ज्वाळा माझ्या अंगावरून गेली. धर्मराज शिडीला चिकटून खाली डोकं घालून राहिला, पण त्यानं मला सोडलं नाही. माझं नख तापून वाकलं. मूठ जळायला लागली.

"काका, खाली या!" मॅडम खालून ओरडल्या.

"अजून येक पत्रा, मॅडम. मंग येतो."

त्यानं दुसरा पत्रा काढला आणि मगच खाली उतरला. वरच्या भोकातून तुषारांसारखं पाणी सोडलं. बराच वेळ वाफ निघत राहिली. धुराचा रंग काळ्याचा पांढरा झाला, फटीतलं आत-बाहेर थांबलं, तेव्हा मॅडमनी बाजूला उभं राहून शटर आधी वीतभर आणि मग हळूहळू वर घ्यायला लावलं. आत बारदान्याची राख होती आणि मधोमध काळा पडलेला सरकीचा ढीग.

धर्मराजच्या मनगटाला भाजलं होतं. पप्पू गोदामाच्या दारात खाली बसला होता. "बाईनं सांगितल्तं," तो काकासाहेबांना म्हणाला. "वल्ली सरकी भरली म्हणून तुम्ही रागवाल असं वाटलं मला. म्हणून बोललो न्हाई."

काकासाहेबांनी केशरबाईला खुर्चीजवळ बोलावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "झालं गेलं सोडून दे, बाई. उद्यापासून ये कामाला बराबर."

केशरबाई जागची हलली नाही. "मालक, बोट दावलं ते पन्नास माणसांत. आन् आता येकटीला बोलावून कानात सांगून राह्यले. मला येकटीला नका सांगू."

मला वाटलं, काकासाहेब उठून जातील. ते उठलेच, पण पटांगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"ऐका सगळे," ते म्हणाले. "आग केशरबाईनं लावली न्हाई. आमच्या वल्ल्या सरकीनं लागली. बाईनं आधी सांगितल्तं, आम्ही ऐकलं न्हाई. वरून तिच्यावरच आळ घेतला. माझं चुकलं."

पोलिसानं वहीतल्या नावावर रेघ मारली. केशरबाईनं ती रेघ वाकून पाहिली, तेव्हा कुठं तिला रडू आलं.

ती त्या जिनिंगमध्ये परत गेली नाही. माफी तिनं घेतली, काम मात्र दुसरीकडं धरलं. निघताना तिनं मॅडमना विचारलं, "ताई, फिरून कुठं वास आला तर सांगू का गप बसू?" मॅडमनी तिला आपला नंबर दिला.

आता आमच्या केंद्रात ढिगाची उष्णता लांबूनच दाखवणारा कॅमेरा आला आहे. माझं नख वाकलेलं असल्यामुळं पत्रे ओढायला नवा आकडा आणला. मी दाराच्या मागं उभा असतो. कधी माझ्यावर ओली बनियन वाळत घालतात, आणि त्यानं मला गंज चढतो. धर्मराज आता निवृत्त झाला. येतो तेव्हा पहिल्यांदा ती बनियन काढून फेकतो आणि फडक्यानं मला तेल लावतो.

मित्रांनो, हत्याराची काळजी घ्या, एवढं तर मी मागणारच. माझं नख गेलं तरी टोक अजून सरळ आहे, मला कोरडं ठेवा. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. कुठं जळकट वास आला, भिंत गरम लागली, फटीतून धूर आत-बाहेर करताना दिसला तर खुशाल संशय घ्या. दार उघडू नका, लांब व्हा आणि आम्हाला बोलवा. आणि कुणी येऊन तुम्हाला सांगितलं की वास येतोय, तर त्याला आधीच कसं कळलं हे विचारत बसू नका. त्याच्याबरोबर जा आणि ढीग तपासा. बोट दाखवायला नंतरही वेळ असतो.